सिंगापूरमध्ये मैत्रिणीबरोबर एक दिवस, कमी खर्चात: काय, कुठं, कसं

सिंगापूर महाग आहे हे खरं. पण ते हॉटेलात, टॅक्सीत आणि तिकिटाच्या खिडकीवर महाग आहे. रस्त्यावर, बागेत, देवळात आणि मेट्रोत ते आपल्याला सहज परवडतं. आम्ही दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. चार दिवस तिथं राहिलो आणि त्यातला एक अख्खा दिवस एकही प्रवेश तिकीट न काढता फिरलो. माणशी ३० डॉलरच्या आत, म्हणजे जेवण, प्रवास, चहापाणी सगळं धरून. हिशेबाला सोपं जावं म्हणून एक सिंगापूर डॉलर म्हणजे ७० रुपये धरा. सहलीतला सगळ्यांत चांगला दिवस तोच होता.

पहिल्यांदाच परदेशी निघालेल्यांसाठी तो दिवस जसाच्या तसा खाली देते. जिथं आम्ही अडखळलो, तिथं तुम्ही अडखळू नका.

१. निघण्याआधी: कागदपत्रं

भारतीय पासपोर्टला सिंगापूरचा व्हिसा आधी काढावा लागतो. तो अधिकृत व्हिसा एजंटामार्फत होतो आणि ई-व्हिसा म्हणून मिळतो. त्याचा प्रिंट काढून जवळ ठेवा. फोनची बॅटरी नेमकी रांगेत संपते.

दुसरी गोष्ट ‘एसजी अरायव्हल कार्ड’. हा ऑनलाइन फॉर्म पोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत भरायचा असतो आणि तो पूर्णपणे फुकट आहे. इथं पहिला सापळा लागतो. शोधायला गेलं की हुबेहूब सरकारी वाटणाऱ्या वेबसाइट वर येतात आणि फॉर्म भरून देण्याचे पैसे मागतात. पैसे मागितले की ती साइट चुकीची, एवढं लक्षात ठेवा आणि सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या साइटवरूनच भरा.

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट आणि त्याची एक झेरॉक्स, वेगळ्या बॅगेत
- व्हिसाचा प्रिंट, परतीचं तिकीट, राहण्याच्या जागेचं बुकिंग
- फॉरेक्स कार्ड किंवा परदेशात चालणारं बँकेचं कार्ड, शिवाय थोडी रोकड
- छत्री, पाण्याची बाटली, पॉवर बँक, तिथल्या तीन चौकोनी पिनांच्या सॉकेटसाठी अडॅप्टर
- खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे किंवा एक ओढणी
- टिश्यू पेपरचं छोटं पाकीट. हे का, ते पुढं सांगते

फराळाबद्दल एक सांगायलाच हवं. आपण परदेशी जाताना डबे भरून नेतो. चकली, शंकरपाळे, कोरडी चटणी खुशाल न्या. पण अनारसे नेऊ नका, कारण त्यावर खसखस असते आणि खसखशीला तिथं अमली पदार्थांच्या कायद्याचा अडथळा आहे. तंबाखू, गुटखा, च्युइंगम, व्हेप यांपैकी काहीही बॅगेत नको. ‘थोडंसंच आहे’ हे कारण विमानतळावर चालत नाही.

२. पैशांचं आधी बोलून घ्या

दोघी-दोघांच्या सहलीत कुरबुर होते ती बहुतेक वेळा पैशांवरून आणि तीही पाच-दहा डॉलरवरून. म्हणून विमानात बसण्याआधीच ठरवा. टीटीएमएम करायचं की एकच पाकीट?

आम्ही मधला मार्ग काढला. चेनचं एक कापडी पाकीट घेतलं, त्यात दोघींनी ३०-३० डॉलर टाकले. खाणंपिणं त्यातून. प्रवास ज्याच्या-त्याच्या कार्डावर. खरेदी ज्याची-त्याची. पाकीट सकाळी तिच्याकडे, दुपारनंतर माझ्याकडे. ‘मागच्या वेळी मी दिले होते’ हे वाक्य दिवसभरात एकदाही कुणाला म्हणावं लागलं नाही.

आणखी एक ठरवा. एकीला तिकीट काढून काही बघायचंच असेल आणि दुसरीला नसेल, तर दोघींनी जाण्याची सक्ती नाही. तासभर वेगळं व्हायचं, भेटायची जागा आणि वेळ पक्की करायची. फोन लागणार नाही असं धरूनच ती जागा ठरवा.

३. कार्ड: सगळ्यांत जास्त घोळ इथंच होतो

मेट्रोला तिथं एमआरटी म्हणतात. एमआरटी आणि बस दोन्हींत बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड थेट टॅप करून प्रवास करता येतो. पण आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन आंतरराष्ट्रीय वापर आणि त्यातला कॉन्टॅक्टलेस, दोन्ही बटणं घरूनच चालू करा. परदेशी कार्ड वापरलं की प्रवासाच्या दर दिवसामागं ६० सेंटचा आकार लागतो आणि आपल्या बँकेचा चलन बदलण्याचा आकार वेगळा. एक-दोन दिवसांसाठी हे चालून जातं. तीन-चार दिवस राहणार असाल तर स्टेशनवर ‘ईझी-लिंक’ कार्ड विकत घ्या.

टुरिस्ट पास मिळतो, पण या दिवसासाठी त्याची गरज नाही. एक फेरी साधारण सव्वा ते अडीच डॉलरमध्ये होते आणि आपण जेमतेम तीन फेऱ्या करणार आहोत.

आता नियम. एका कार्डावर एकच माणूस. मी टॅप केलं आणि मागून मैत्रिणीलाही त्याच कार्डावर घेतलं, असं होत नाही. आत जाताना जे कार्ड, बाहेर पडताना तेच. आणि फोनमध्ये साठवलेलं कार्ड व हातातलं प्लॅस्टिकचं कार्ड, बँक एकच असली तरी मशिनच्या लेखी दोन वेगळी.

हे आम्हाला अनुभवाने कळलं. मैत्रीण फोन टॅप करून आत शिरली आणि उतरल्यावर पर्समधून कार्ड काढून लावलं. फाटक उघडेना. “अगं, माझ्या खात्यातून पैसे गेले की नाही गेले?” मागं रांग वाढत होती, ती घाबरून कार्ड पुन्हापुन्हा लावत होती. बाजूच्या काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, आत येताना काय लावलं होतं? फोन लावल्यावर फाटक उघडलं. तुमचं असं झालं तर रांगेतून बाजूला व्हा आणि सरळ त्या काउंटरवर जा, मदत मिळते. बसमध्ये मात्र असं विचारायला कुणी नसतं. उतरताना टॅप करायला विसरलात तर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापलं जातं.

स्टेशनात आणि गाडीत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही. सरकत्या जिन्यावर डावीकडे उभं राहायचं, उजवी बाजू घाईतल्यांसाठी मोकळी.

४. सकाळी ७: लिटल इंडियातून बोटॅनिक गार्डन्स

राहायला लिटल इंडिया बघा. स्वस्त हॉस्टेल तिथं आहेत, शाकाहारी जेवण मिळतं आणि दोन मेट्रो मार्ग तिथून जातात. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढं आहे, म्हणजे सात वाजता शरीराला साडेचारच वाटतात. तरी उठा. दहानंतर ऊन आणि दमट हवा दोन्ही अंगावर येतात.

सेरंगून रोडवर श्रीवीरमाकालीअम्मन मंदिर आहे. सकाळी तिथं फुलांच्या हारांचा आणि कापराचा वास असतो, आजूबाजूला तमिळ कानावर पडते. दर्शन घ्या आणि नाश्ता करा. १९४७ पासून चालू असलेलं कोमला विलास याच रस्त्यावर आहे, शुद्ध शाकाहारी. त्याहून स्वस्तात हवं असेल तर टेक्का सेंटरमध्ये इडली-डोसा मिळतो.

मग लिटल इंडिया स्टेशनवरून निळी डाउनटाउन लाइन. न्यूटन, स्टीव्हन्स आणि तिसरं बोटॅनिक गार्डन्स. बाग पहाटे पाचपासून मध्यरात्रीपर्यंत उघडी असते आणि प्रवेश फुकट आहे. आतल्या ऑर्किड बागेला तेवढं तिकीट आहे. आम्ही ते काढलं नाही आणि चुकल्यासारखं अजिबात वाटलं नाही.

ही बाग १८५९ सालची. २०१५ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. हेन्री रिडली नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने इथंच रबराच्या झाडाला इजा न करता चीक काढण्याची पद्धत बसवली आणि त्यातून मलायातला रबराचा मोठा धंदा उभा राहिला. आल्याच्या कुळातल्या झाडांचा एक वेगळा भाग आहे. हळद, वेलदोडा यांचे कितीतरी भाऊबंद तिथं दिसतात. स्वयंपाकघरात रोज हाताळतो त्या वस्तूची पानं-फुलं आपण कधी पाहिलेलीच नसतात.

पण माझ्यासाठी या बागेतली खरी गोष्ट म्हणजे टेम्बुसूचं झाड. पाकिटातली पाच डॉलरची नोट काढा आणि मागची बाजू बघा. जमिनीला समांतर पसरलेली, जाडजूड फांदी असलेलं एक झाड त्यावर छापलेलं आहे. ते झाड याच बागेत उभं आहे आणि बागेपेक्षाही जुनं आहे. आम्ही नोट समोर धरून फांदीशी फांदी जुळवत राहिलो. मैत्रीण म्हणाली, “ही नोट आज मोडायची नाही.” ती अजून तिच्या पाकिटात आहे.

मुद्दाम लक्षात ठेवायची गोष्ट: स्टेशनवरून शिरलात तर बागेच्या उत्तर टोकाला असता आणि टेम्बुसू दक्षिणेकडे टँगलिन गेटच्या अंगाला आहे. बाग लांबीला सुमारे अडीच किलोमीटर आहे. आल्या वाटेने परत फिरू नका. चालत चालत दक्षिणेला बाहेर पडा. तिथं जवळच नेपियर स्टेशन आहे. जुन्या माहितीत हे स्टेशन सापडत नाही, कारण ते २०२२ च्या अखेरीला सुरू झालं.

५. साडेदहा-अकरा: चायनाटाऊन

नेपियरहून तपकिरी लाइन धरा, सहावं स्टेशन मॅक्सवेल. गाडी न बदलता थेट चायनाटाऊन.

इथं क्रम महत्त्वाचा. आधी साउथ ब्रिज रोडवरचं श्रीमारीअम्मन मंदिर, कारण ते दुपारी बंद होतं. बाराच्या आत पोचाच. १८२७ सालचं हे सिंगापूरमधलं सगळ्यांत जुनं हिंदू मंदिर. चायनाटाऊनच्या मधोमध गोपूर पाहून आधी नवल वाटतं. पण शेजारच्या गल्लीला पॅगोडा स्ट्रीट हे नावच या गोपुरावरून पडलं आहे. दोन पावलांवर तमिळ मुसलमानांची जामे मशीद आणि थोडं पुढं बुद्धाच्या दंतधातूचं, म्हणजे दाताच्या अवशेषाचं मंदिर. एका रस्त्यावर तिन्ही, आणि तिन्हीकडे प्रवेश फुकट.

दंतधातू मंदिर २००७ मधलं आहे, म्हणजे जुनं नाही. तरीही वरपर्यंत जा. गच्चीवर छोटीशी ऑर्किडची बाग आणि मधे मोठं प्रार्थनाचक्र आहे. वर फारसं कुणी जात नाही. आम्ही अर्धा तास नुसत्या बसलो होतो. ओढणी इथंच लागते.

६. पोटोबा: हॉकर सेंटरमध्ये कसं जेवायचं

हॉकर सेंटर म्हणजे छपराखाली पन्नास-शंभर छोटे ठेले आणि मधे सगळ्यांची मिळून टेबलं. पूर्वी रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांना सरकारने नळ-पाण्याची सोय देऊन आत आणलं, त्यातून ही संस्कृती तयार झाली. २०२० मध्ये युनेस्कोने तिचीही नोंद घेतली. मॅक्सवेल फूड सेंटर स्टेशनला लागूनच आहे. चार ते सात डॉलरमध्ये पोट भरतं.

आत गेल्यावर रिकाम्या टेबलांवर टिश्यूची पाकिटं पडलेली दिसतील. कुणी विसरलेलं नाही. जागा धरण्याची ती पद्धत आहे, तिला ‘चोप’ म्हणतात. आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, अगदी तसंच. म्हणून टिश्यूचं पाकीट आणायला सांगितलं. तुमचं टेबलावर ठेवा, टेबलाचा नंबर लक्षात ठेवा आणि मग रांगेत लागा. दोघी असाल तर एकीने बसावं, एकीने आणावं.

शाकाहारी असाल तर चिनी ठेल्यावर ‘व्हेज’ एवढंच म्हणून थांबू नका. भाज्यांत सुकी कोळंबी, ऑयस्टर सॉस, फिश सॉस असू शकतो. ‘नो मीट, नो सीफूड, नो एग, नो ऑयस्टर सॉस’ असं एकेक सांगा. ‘व्हेजिटेरियन’ पाटीच्या चिनी ठेल्यावर मांसासारखं दिसणारं जे मिळतं ते सोयाचं किंवा गव्हाच्या ग्लुटेनचं असतं. माझ्या मैत्रिणीला ते बघूनच नको झालं, मी चवीने खाल्लं. तिने भात, टोफू आणि पालेभाजी घेतली.

कॉफीची भाषाही शिकून घ्या. ‘कोपी’ म्हणजे कंडेन्स्ड मिल्क घातलेली गोड, दाट कॉफी. ‘कोपी ओ’ बिनदुधाची पण साखरेची. पुढं ‘कोसोंग’ जोडलं की साखर नाही, ‘पेंग’ जोडलं की बर्फ. चहाला ‘तेह’. चहाचंही हेच गणित.

जेवण झाल्यावर ट्रे उचलून ठरलेल्या जागी ठेवणं बंधनकारक आहे. २०२१ पासून त्यासाठी आधी ताकीद आणि पुन्हा केलं तर दंड आहे.

एसी रेस्टॉरंटात जायचंच झालं तर मेनूवरच्या किमतीपुढं अधिकची दोन चिन्हं आहेत का बघा. त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी अजून बाकी आहे. टेबलावर न मागता ठेवलेले दाणे आणि ओले रुमाल यांचेही काही ठिकाणी पैसे लावतात. नको असेल तर आधीच परत करा. हॉकर सेंटरमध्ये पाटीवर जी किंमत तीच खरी.

पाणी विकत घेऊ नका. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरत राहा.

७. दुपारी १ ते ४: उन्हातून आत

या वेळात बाहेर फिरण्याचा हट्ट धरू नका. मॅक्सवेलच्या समोरच सिंगापूर सिटी गॅलरी आहे. फुकट आणि थंडगार. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बंद असते. आत अख्ख्या मध्यवर्ती शहराचं मोठं लाकडी-प्लॅस्टिकचं प्रारूप मांडलेलं आहे. आपण सकाळी कुठून कुठं आलो आणि संध्याकाळी कुठं चालत जाणार, हे त्यावर बोटाने दाखवता येतं. समुद्र भरून किती जमीन केली, तेही इथं नीट समजतं. रविवार असेल तर दुपार झोपून काढा, संध्याकाळ लांब आहे.

पाऊस अचानक आणि धो धो येतो. तासाभरात जातो. धावपळ न करता थांबायचं.

८. संध्याकाळी साडेचार: नदीकाठाने खाडीपर्यंत

इथून चालणं आहे, साधारण चार किलोमीटर, निवांतपणे. चपला नकोत, बूट घाला.

साउथ ब्रिज रोडने नदीकडे आणि काठाने कॅव्हेना पुलापर्यंत या. हा जुना लोखंडी पूल आता पायी चालणाऱ्यांसाठीच आहे. टोकाला अजून जुनी पाटी आहे: तीन हंड्रेडवेटपेक्षा (साधारण दीडशे किलो) जड वाहनं आणि गुरं-घोडे यांना मनाई.

पूल ओलांडून एस्प्लनेड पार्क. इथं थांबा. आझाद हिंद सेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक इथं होतं. नेताजींनी जुलै १९४५ मध्ये त्याची पायाभरणी केली आणि ब्रिटिश परत आल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी ते पाडून टाकलं. १९९५ मध्ये त्या जागी माहिती देणारी खूण उभारली. जवळच्या पडांग मैदानावर जुलै १९४३ मध्ये नेताजींनी सेनेची पाहणी केली होती आणि झाशीच्या राणीच्या नावाची स्त्रियांची रेजिमेंट याच शहरात उभी राहिली. कुठल्याही टूर बसमधून ही जागा कुणी दाखवत नाही. आम्ही तिथं पोचलो तेव्हा एक म्हातारे गृहस्थ बाकावर पेपर वाचत होते, बाकी कुणी नव्हतं. मैत्रिणीने पायातले बूट काढले. मग मीही काढले.

पुढं ज्युबिली पुलावरून मरलायनकडे जा. सिंहाचं तोंड आणि माशाचं शरीर असलेला तो पुतळा फोटोंमुळे प्रचंड वाटतो, प्रत्यक्षात ८.६ मीटर उंच आहे. गर्दी फार असते. फोटो काढा आणि त्याच पुलाने परत या. एस्प्लनेड नाट्यगृहाच्या कडेने हेलिक्स पूल गाठा. पुलाचे स्टीलचे पिळे डीएनएच्या आकाराचे आहेत आणि अंधार पडला की उजळतात. सूर्यास्त सातच्या सुमाराला होतो, तेव्हा पुलावर असाल असं बघा.

९. रात्री: दोन खेळ, दोन्ही फुकट

गार्डन्स बाय द बे या खाडीकाठच्या बागेत २५ ते ५० मीटर उंचीची सुपरट्री, म्हणजे झाडाच्या आकाराचे बांधलेले मनोरे आहेत. रोज ७.४५ आणि ८.४५ ला त्यांच्यावर प्रकाश-संगीताचा खेळ होतो. थोडं आधी पोचा, झाडांच्या खाली जमिनीवर ओढणी पसरा आणि आडवे व्हा. उभं राहून बघणाऱ्यांची मान दुखते. चकलीचा डबा इथंच उघडा. काचेचे घुमट आणि वरचा झुलता पूल यांना तिकीट आहे, ते दुसऱ्या दिवसासाठी ठेवा.

७.४५ चा खेळ संपला की मरिना बे सँड्स या हॉटेल-मॉलच्या समोरच्या घाटावर या. ९ वाजता खाडीच्या पाण्यावर ‘स्पेक्ट्रा’ हा कारंज्यांचा आणि प्रकाशाचा खेळ होतो. ८.४५ चा बघून ९ चा गाठू, असा विचार करू नका. मधलं अंतर तेवढ्या वेळात होत नाही. देखभालीसाठी खेळ अधूनमधून बंद ठेवतात, तेव्हा निघायच्या दिवशी त्यांच्या साइटवर एकदा पाहून घ्या.

परत यायला मॉलच्या खालचं बेफ्रंट स्टेशन. पुन्हा निळी लाइन, चौथं स्टेशन लिटल इंडिया. टॅक्सीचा मोह होईल, पण गाड्या अकराच्या पुढंपर्यंत असतात.

रात्रीचं जेवण लिटल इंडियात. आम्ही पराठा आणि डाळ घेतली आणि मग टेबलावर कापडी पाकीट उलटं केलं. नोटा वेगळ्या ठेवल्या. नाणी परत आल्यावर मनी चेंजर घेत नाहीत, ती तिथंच संपवायला लागतात. मैत्रिणीने ती रांगेत मांडून मोजली: दोन डॉलर आणि ऐंशी सेंट. भिंतीवरची पाटी तिने वाचली, मान हलवली आणि एक तेह तारिक मागवला. चहा उंचावरून ओतून आला, फेसाळ. एक ग्लास, दोघींत.